दहा गुंठ्यांत पिकतं, पण घरात टिकवायचं कोणी?

परसदारची

यंदा आमसुलं झाली नाहीत. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, चांगले धरले होते, झाडाबद्दल तक्रार नाही. पण मे संपायच्या आतच पाऊस आला आणि पाहुणा राहायला यावा तसा राहिला. दोन पुटं देऊन झालेली सोलं (मीठ घातलेल्या रसात दोनदा बुडवून वाळवलेली सालं) खळ्यातून पडवीत आणली, पंखा लावला, चुलीपाशी पसरली. चौथ्या दिवशी पांढरी लव दिसली. चार पाट्या सोलं माडाच्या आळ्यात ओतली. माडाला मीठ चालतं, तेवढंच समाधान.

ओतताना नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, आपला खर्च काय झाला? झाड आपलं, ऊन फुकट." माणूस वाईट नाही. पण त्या वाक्यावर मी दोन दिवस बोलले नाही, आणि त्यावरूनच हा धागा काढतेय.

आम्ही २०१८ ला डोंबिवली सोडून राजापूर तालुक्यात सासरच्या घरी आलो. सातबारावर भावकीची पाच नावं आहेत. आमच्या वाट्याला घराभोवतीचे दहा गुंठे आणि खाली भाताचे दोन कुणगे, म्हणजे छोटे तुकडे. दहा गुंठे हा आकडा नवऱ्याच्या डोक्यात श्री. अ. दाभोळकरांच्या, शेतीचे प्रयोग करणाऱ्यांच्या प्रयोग परिवारामुळे बसलेला. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांवर नीट जगू शकतं, असं ते मांडत. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. आमचा डोंबिवलीचा फ्लॅट ४५० फुटांचा, म्हणजे असे २४ फ्लॅट. तेव्हा वाटलं, एवढ्यात काय काय होईल!

होतं. खरंच होतं. फक्त सगळं एकदम होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या श्रावणात एका आठवड्यात १७ तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, निघाली. फेब्रुवारीत वालाच्या शेंगा. मे महिन्यात तर काजू, फणस, रातांबे, आंबे अशी सगळ्यांची एकाच दिवशी लग्नं लागतात. आणि जून-जुलैत अळू, टाकळा सोडला तर परसात चिटपाखरू नाही. मधली ही फट भरते ती स्वयंपाकघरात. फणसाची साठं घालायची, आठळ्यांना मातीचा लेप देऊन त्या माचावर (माळ्यावर) ठेवायच्या, मिरच्या भरायच्या, वाल तापवायचे, कुळीथ भाजून दळायचे. हे केलं नाही तर दहा गुंठे पिकून पावसात भाजी बाजारातूनच आणायची.

मी वही ठेवते. मे महिन्यात माझे सोलणं, पसरणं, उलटणं, भरणं यात १४६ तास गेले. रोजचा स्वयंपाक त्यात धरलेला नाही. नवऱ्याचे वाडीतले ६३. लोक भेटायला येतात तेव्हा त्याला विचारतात, "शेती कशी चाललीय?" आणि मला विचारतात, "करमतं का?"

तर प्रश्न असा: तुम्ही हे कसं बसवता? सौर वाळवण यंत्र कोणी वापरलंय का? आणि पाऊस असा लवकर येणार असेल तर आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीचं, वेळापत्रकच बदलायचं का?

तिखटमीठ

वाचतेय. १७ तवशी शेजाऱ्यांना वाटायची की.

परसदारची

शेजाऱ्यांकडे २२ होती. ते आम्हालाच द्यायला आले होते.

मुळशीचा_शनिवार

मस्त धागा, ताई. आम्ही पुण्याचे, दर शनिवारी मुळशीला जाऊन भाजी लावतो. हाच जगण्याचा खरा मार्ग आहे असं मला मनापासून वाटतं. मॉल नाही, प्लास्टिक नाही, निसर्गाच्या कुशीत. आम्हालाही दहा-वीस गुंठे घेऊन कायमचं जायचंय. साधारण किती पैसे लागतील?

परसदारची

पैशांआधी कागद बघा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. वाडवडिलांच्या सातबारावर नाव असेल तर सुटलात. दुसरं, तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, त्यामुळे सुटे पाच-सात गुंठे कोणी "करून देतो" म्हणाला तर आधी वकील गाठा. आमच्या ओळखीतल्या एकांचे पैसे अशाच व्यवहारात तीन वर्षं अडकलेत.

आणि प्लास्टिकचं म्हणाल तर वाल ठेवायला सगळ्यात उपयोगी पडतो तो रंगाचा रिकामा डबा. कुशीत बसायला वेळ मिळाला की कळवते.

कडू_कारलं

ताई, १४६ तासांचा आकडा वाचून बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं, पण कोणीतरी मोजलं म्हणून बरं वाटलं.

माझं माहेर गुहागरकडचं. "उन्हाळ्याच्या सुट्टीतली वाळवणं" या विषयावर दर वर्षी कुठे ना कुठे लेख येतोच. गच्चीवरच्या कुरडया, चिकाची वाटी, पापड राखत पत्ते खेळणं. हे लिहिणारे सगळे तेव्हा मुलं होते. ज्या बाईने पहाटे चारला चीक शिजवला, तिने कुठे लेख लिहिलेला मी वाचलेला नाही. माझ्या आईची उजव्या हाताची बोटं रातांबे सोलून मेभर काळी असायची. लग्नाला जाताना ती हात पदराखाली धरायची.

शाश्वत वगैरे ठीक आहे, पण कोणाच्या जिवावर? मी पुण्यात नोकरी करते आणि आमसुलं विकत आणते. अजिबात अपराधी वाटत नाही.

मुळशीचा_शनिवार

पण आपल्या आज्या हे आनंदाने करत होत्या ना? आणि तब्येती बघा त्यांच्या.

कडू_कारलं

आजीला विचारलं होतं का, की तब्येत बघून ठरवलं?

चौल_आजोबा

भांडा, पण वालाकडे लक्ष असू द्या.

मी अलिबागजवळचा, वय ७४. वालाला भुंगा लागतो तो डब्यात लागत नाही. शेतातच शेंगेवर अंडी घातलेली असतात, तो घरी आपल्याबरोबर चालत येतो. म्हणून शेंग झोडली की लगेच डब्यात भरायची नाही. तीन-चार कडक उन्हं द्यायची, काळ्या कापडावर, पातळ पसरून. दाणा दाताखाली धरल्यावर कट्ट वाजला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे. मग दाणे गार होऊ द्यायचे. गरम भरले तर डब्याला आतून घाम येतो आणि सगळी मेहनत फुकट. खायच्या वालाला वरून एरंडेलाचा हात. बियाण्याच्या वालाला चुलीची चाळलेली राख, दाण्याइतकीच राख, मडक्यात थर देऊन, तोंडावर शेणमातीने लिंपून. राखेत किड्याला हलता येत नाही.

डाळ करून ठेवली तर भुंग्याचा त्रास आणखी कमी, पण मग बिरडं कशाचं करणार?

भाताचं बी आमच्याकडे मुडीत असे. पेंढा गोल पसरायचा, मधे भात, मग पेंढा वर घेऊन पेंढ्याच्याच दोरीने आवळत आवळत, लाकडी थापीने ठोकत चेंडूसारखी मुडी बांधायची. माझे वडील बांधत. मला येत नाही. पांढऱ्या कांद्याची वेणी मात्र अजून घालतो. भात निघालं की त्याच जमिनीत कांदा, आणि वेणी वाशाला टांगलेली. आता भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून कांद्याला भाव आहे, पण वेणी घालायला माणूस मिळत नाही. तेही काम बायकांचंच होतं, हे कडूताईंचं बरोबर आहे.

वावरातला_बाबू

राम राम मंडळी. मी यवतमाळचा. तुमचे १७ तवशांचे दुःख वाचून हसावं का रडावं कळेना बाप्पा.

आमच्या इकडे सात एकर वावर आहे आणि घरात कोथिंबीर, म्हणजे आमचा सांबार, विकतचा. बाबांच्या काळी कपाशीत तुरीचे तास असत, मधे मूग, बरबटी, कडेला अंबाडी. धुऱ्यावर आई आठ-दहा झाडं वांग्याची, मिरचीची लावायची. निंदताना बाया ओच्यात तरोटा, घोळ, चिवळ घेऊन यायच्या, रात्रीची भाजी तीच. आता तणनाशक मारतो. तण मरतं, भाजीही मरते, आणि निंदणाची मजुरी वाचली म्हणून आम्ही खूश. तीच मजुरी बाजारात भाजीवाल्याला देतो.

मागच्या वर्षी विहिरीजवळ पाच गुंठे फक्त घरासाठी काढले. खताला नाडेपचा हौद बांधला. ती पद्धत आमच्याच जिल्ह्यातली, पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं ठेवायची. क्विंटलभर शेणात पालापाचोळा आणि माती घालून तीन-चार महिन्यांत हौदभर खत. शेण कमी असणाऱ्याला हे बरं.

बायको म्हणते, सात एकरात तुम्ही कर्ज पिकवता, पाच गुंठ्यांत मी जेवण. खोटं नाही तिचं.

परसदारची

बाबूदादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा. ते वाक्य मी वहीत लिहून घेतलंय.

नाडेप आम्ही केला होता, विटांऐवजी चिऱ्यांचा. पहिल्याच जुलैत त्याचं तळं झालं. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सगळं सत्त्व ओहोळाला. आता वर पत्रा आहे. आणि एवढ्या पावसाच्या गावात एप्रिलमध्ये विहीर तळ दाखवते! ऑक्टोबर संपताना पऱ्यावर (ओढ्यावर) सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून बंधारा घालतो, त्यावर वाल आणि थोडी भाजी निघते. मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू. त्यासाठी भांड्यांना राख आणि रिठा, साबण जवळपास बंद. यातही माझ्याच हातांना भेगा, पण त्यावर मुठेल आहे. रातांब्याच्या बियांचं तूप, माहीत नसेल त्यांच्यासाठी.

एडिसनची_मेथी

न्यू जर्सीहून. घरामागे अंगण आहे, ऑक्टोबरात दव गोठायला लागायच्या आत सगळं आवरावं लागतं, म्हणून एकदम येण्याचा त्रास चांगलाच कळतो. ताई, शेंगा, फरसबी उकळून बरण्यांत सील करून ठेवा ना. इथे सगळे करतात.

भिंगातून

जरा थांबा. व्यवसायाने अन्नतंत्रज्ञ आहे म्हणून मधे पडते.

आंबट नसलेल्या भाज्या नुसत्या उकळत्या पाण्यात बरणी ठेवून सील करू नयेत. बोटुलिझमच्या जंतूचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत, आणि हवाबंद, आंबटपणा नसलेली, ओलसर जागा त्यांना हवीच असते. वास बदलत नाही, चव बदलत नाही. त्यासाठी दाबाखाली ११५-१२० अंशांपर्यंत तापवणारं वेगळं भांडं लागतं, आपला रोजचा कुकर त्यासाठी नाही. तेलात बुडवलेली कच्ची लसूणही बाहेर ठेवू नका.

आपल्याकडचं जुनं शास्त्र बघा: वाळवा, खारवा, नाहीतर आंबट करा. तिन्हीत हा जंतू वाढत नाही. कैरी, कोकम, लिंबू असलेलं खुशाल बरणीत भरा.

एडिसनची_मेथी

बरोबर आहे तुमचं, इथेही दाबाचंच भांडं वापरतात. मी अर्धवट लिहिलं, माफ करा. माझ्याकडे ते आहे म्हणून गृहीत धरलं.

मालवणी_खाजा

ओ ताई! पावस लागलो काय सोलां घालूची नाय, आगळ करूचा! आमची आये पयलो ढग दिसलो काय उन्हातली पाटी उचलून बरणीकडेच जायची.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. सोलांना ऊन लागतं, आगळाला लागत नाही. पिकलेले रातांबे फोडून बिया-गरासकट बरणीत भरायचे, जाडं मीठ सढळ हाताने, रोज एकदा लाकडी डावाने ढवळायचं. आठवड्याभरात लालभडक रस सुटतो, गाळून बाटलीत. खारट जाळ लागला पाहिजे, कमी मीठ घातलंत तर फसफसतं. वर्षभर सोलकढीला हेच. किंवा सालं आणि साखर थरावर थर, त्याचं अमृतकोकम. धातूचं भांडं वापरू नका, आंबट रस ते खातो.

चार पाट्या माडाला घातल्यात हे वाचून माका दोन घास कमी गेले.

परसदारची

खाजादादा, तुम्ही दहा दिवस आधी कुठे होतात? आमच्या सासूबाई सोलंच करायच्या, आगळ विकत यायचं, त्यामुळे डोक्यातच आलं नाही. झाडावर शेवटचे थोडे शिल्लक आहेत, उद्या काढते.

श्रीवर्धनकर

वेळापत्रक बदलायचं का, असं तुम्ही विचारलंत. आमचं वेळापत्रक ३ जून २०२० ला एका दुपारी बदललं. निसर्ग वादळात आमच्या बारा गुंठ्यांच्या वाडीतल्या रोठा सुपारीच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या. आजोबांनी लावलेल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी दिसायला सहा-सात वर्षं.

पण त्या पावसाळ्यात आम्ही उपाशी नव्हतो, कारण आईने तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, आमसुलं भरलेली होती. वीज महिन्याहून जास्त नव्हती. फ्रीजमधलं सगळं पहिल्याच आठवड्यात गेलं. माचावरचं राहिलं. तेव्हापासून वाडीत एकाच पिकावर भिस्त नाही. पडलेल्या जागेत केळी, हळद, सुरण. हळदीला वानर हात लावत नाहीत हाही फायदा.

तिखटमीठ

वानरांचा विषय निघाला का? आता धागा शंभर प्रतिसादांवर जाणार.

मुळशीचा_शनिवार

आमच्याकडे फटाके लावतात.

परसदारची

आमच्याकडचे वानर फटाक्यांची वाट बघतात, कारण फटाका लावणारा नंतर चहाला आत जातो. भुईमूग, रताळी सोडून दिली, रताळ्यांवर तर रात्री डुकरंही येतात. घराला लागून भाजी, त्यापुढे मिरची-हळद-आलं, अशी रचना केलीय. पडवळाला कापडी पिशव्या. हरतो, पण कमी हरतो.

धूरविरहित

सौर वाळवण यंत्राबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी घरी बनवलंय: प्लायची पेटी, आतून काळी, वर तिरकी काच, खाली हवा आत यायला फट आणि मागे वर बाहेर जायला फट, दोन्हींना जाळी. स्वच्छ उन्हात आत बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश जास्त मिळतात. माशी नाही, धूळ नाही, आणि मुख्य म्हणजे राखत बसावं लागत नाही, तो वेळ वाचतो. पण मळभात ती नुसती पेटी आहे. ताईंच्या मेमध्ये काही उपयोग झाला नसता. सलग ऊन असतं त्या मार्च-एप्रिलमध्ये उरकता येईल ते उरकायचं.

गोबरगॅस विचारत असाल तर दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं.

परसदारची

आमच्या दोन कोकण कपिला गायी मिळून पंधरा किलो देतील, तेही खूश असतील तर. दूध एकेकीचं दोन लिटर. त्यामुळे तो नाद सोडला. डॉ. आनंद कर्व्यांच्या आरती संस्थेने उष्ट्या-खरकट्यावर, पिठाळ पदार्थांवर चालणारं छोटं संयंत्र केलं होतं, त्याचा विचार चाललाय. पण आमच्या घरात खरकटं उरतं ते गाय खाते, गायीचं उरतं ते कोंबड्या. संयंत्राला काय घालू?

कडूताई, तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं. मी बरेच दिवस विचार करत होते. तुमच्या आईच्या बोटांबद्दल वाचून मी माझी बोटं बघितली. सारखीच आहेत. फरक एवढाच की मी हे निवडलं, आणि नको झालं तर डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने दिलाय, विकलेला नाही. त्या भाड्यातूनच मुलीची फी जाते, हेही इथे लिहून टाकते. नाहीतर मुळशीदादांना वाटेल की आम्ही वालावर कॉलेज भागवतो. तेल, मीठ, चहा, साखर, तूरडाळ विकतच येते.

कडू_कारलं

हे आधी लिहायला हवं होतंत. मी एवढी चिडले नसते.

परसदारची

मान्य.

धागा नवऱ्याला वाचायला दिला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शेवटचे रातांबे काढले, तर हा पाटीसमोर येऊन बसला. पहिल्या तासात त्याने अर्ध्या पाटीपेक्षा कमी फोडले आणि तीनदा उठला. रस कोपरापर्यंत गेला. म्हणाला, "हे मीठ चिरेत झोंबतंय की गं." मी म्हटलं, झोंबतं. वहीत आता दोन रकाने आहेत, त्याचा त्या दिवशीचा आकडा सव्वादोन तास. मी वर "खर्च" असं शीर्षक घातलंय.

आगळ सहा बाटल्या झालं. खाजादादा, रंग तुम्ही म्हणालात तसाच आला.

बाबूदादा, वहिनींना अंबाडीचं बी मिळेल का विचारा. मी वालाचं पाठवते. राहीबाई पोपेरे कोंभाळण्यात देशी बियाणं जपण्याचं जे काम करतात त्यातलं चिमूटभर आपणही करू. आणि आजोबा, राखेत ठेवलेलं बी पेरायच्या आधी धुवायचं का?

चौल_आजोबा

धुवायचं नाही. झटकायचं आणि पेरायचं. पण भात कापल्यावर, ओल बघून. आत्ता मडकं उघडू नका.

तिखटमीठ

तवशी लावलीत का यंदा?

परसदारची

चारच वेल. नवरा आठ म्हणत होता.